ईश्वरीचं ‘नक्को’

॥ श्री ॥

वाटूर,
६ फेब्रुवारी २०२५

सौ. उषाविहीणबाईंना वंदनाचा स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. मोबाईल असताना कागद कशाला, असं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. आपली नात रविवारपासून माझ्याकडे आहे. तिच्यासमोर मोबाईल नको असेल तर तो घरातच नको. माझा बंद करून कपाटात ठेवला, किल्ली माझ्या कमरेला. ह्यांचा शेतातल्या आखाड्यावरच्या खोपटात. विहिरीची मोटार त्यावरून चालू होते, म्हणून तेवढ्याला जीवदान. हे म्हणतात की चोरून तंबाखू खायचे दिवस परत आले. यापुढे जे कळवायचं ते पत्राने. वाटूरला पोस्ट अजून आहे आणि लिहिता तुम्हालाही येतं.

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं प्रियदर्शनीने तुम्हाला रडत रडत सांगितलं असेल, तेव्हा नेमकं काय ते माझ्याकडून ऐका. ईश्वरीचे कान चांगले, बुद्धी चांगली. पावणेचार वर्षांच्या पोरीच्या तोंडात शब्दही पुष्कळ. रंग इंग्रजीत, आकडे वीसपर्यंत, आणि इतकी फळं की त्यातली निम्मी मी जन्मात खाल्लेली नाहीत. पण ती पाणी मागत नाही. हाक मारत नाही. काही विचारत नाही. पडद्यावरची बाई प्रश्न विचारते आणि उत्तरही तीच देते, त्यामुळे मध्ये आपण बोलायचं असतं हे हिला ठाऊकच नाही. तीन महिने पडदा बंद, माणसं चालू, असं औषध दिलं आहे. ५ मे रोजी परत दाखवायचं. तोवर पोरीने आपणहून, आपल्या मनचा प्रश्न विचारला पाहिजे. नाहीतर आठवड्यातून तीन दिवस संभाजीनगरला उपचार आणि त्यासाठी आई घरी. म्हणजे प्रियदर्शनीची नोकरी गेली. बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत सात वर्षं उभं राहून ती आज तिथली मुख्य झाली आहे. माझी सून नोकरी सोडणार नाही, हे मी ठरवलं आहे.

आता तुमचा पराक्रम. ईश्वरीच्या पिशवीत पिवळ्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेला तुमचा जुना मोबाईल सापडला. चार्जर सॉक्समध्ये. अशी हुशारी तुम्ही दहावीच्या परीक्षेत दाखवली असतीत तर पुढे शिकला असता. तुमच्या जावयाबरोबर, अंगदबरोबर, परत पाठवते आहे. पुन्हा असं करू नका.

बाकी ठीक. तुम्ही कराल तो राग करावा, पण लोभ राखून करावा.

आपली विहीण,
वंदना

---

॥ श्री ॥

नवीन जालना,
१२ फेब्रुवारी २०२५

वंदनाविहीणबाईंना उषाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन पोस्टमन दारात उभा राह्यला आन म्हणला, काकू, नोटीस न्हाई, खरंखुरं हातानं लिव्हलेलं पत्र हाय. शेजारची तृप्ती बघायला आली. मी सासरी आले त्या वर्षी माहेरी दोन पत्रं लिव्हली व्हती, त्याच्यानंतर हे. बोटं दुखून राह्यलीत. चुका निघतील त्या तुमी लाल शाईनं काढून पाठवालच.

मोबाईल मीच ठिवला. कबूल. तुमी बी.ए. झालेल्या बाई, कडक. पोर रडंल, आन तुमी तिला पाढे म्हणायला लावाल, अशी धास्ती वाटली म्हणून ठिवला.

सगळी चूक माझ्या पदरात टाकली तशी मी घेते. प्रियदर्शनी आन जावई नऊला घरातून गेले की संध्याकाळी सातला येणार. माझे गुडघे हे असे. पोर जेवायचीच न्हाई, तोंड घट्ट. एक दिवस भजनं लावली तर घास गेला. मंग एक घास, एक गाणं. मंग गाण्याशिवाय घास न्हाई. मंग गाणं संपलं तरी मोबाईल तिच्याकडंच, आन मी निवांत भांडी घासायची. शेजारणी म्हणायच्या, काय शहाणी पोर हाय, आवाज न्हाई. मलाबी तेच वाटायचं. आवाज न्हाई हे दुखणं असतं हे मला कुठं ठावं?

आता घरात खरंच आवाज न्हाई. ती माझी आठवण काढती का? रडली तरी कळवा. वरण तिला पातळ लागतं, आन मिरची बिलकुल न्हाई. तुमच्या हाताला मिरची लई लागती म्हणून सांगून राह्यले.

लोभ हायच, फक्त रागावून पातळ करू नका, वरणासारखा.

तुमची,
उषा

---

॥ श्री ॥

वाटूर,
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. उषाविहीणबाईंना स. न. वि. वि.

पत्र पोचलं. लाल शाई लावलेली नाही. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे एकदाच लिहिते.

पहिले दहा दिवस वाईट गेले. खोटं कशाला लिहू? पोर जेवेना, झोपेना. भिंतीकडे तोंड करून बसायची आणि रिकाम्या तळहातावर बोट फिरवायची. एकदा मी समोर बसून बोलत होते तर तिने माझ्या गालावर बोट ठेवून बाजूला सारलं. मी नापसंत, दुसरं काही दाखवा. देवळात नेलं तर मूर्तीपुढे हात जोडून मोठ्यांदा ‘लाइक करा, सबस्क्राइब करा’ म्हणाली. पुजाऱ्याची आई झुंबरबाई तिथेच होती. तिने मला विचारलं की हे कोणत्या गुरूचं स्तोत्र. मी म्हटलं, जालन्याच्या.

आता जेवते. भाकरी दुधात कुस्करून देते. मिरची नाही. तुमची आठवण काढते का, तर शब्दाने नाही. पण कुठली बाई पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेली दिसली की थांबते आणि तोंडाकडे बघते. मग पुढे जाते.

मी दिवसभर तिच्याशी बोलते. ही कणीक, हा पाटा, हे मोसंबीचं झाड. ह्यांनी परवा जेवताना सुनावलं की तू बोलत नाहीस, हुकूम सोडतेस. म्हणाले, मला चाळीस वर्षांत मध्ये बोलायला फट सापडली नाही, त्या लेकराला कशी सापडेल. मी दुसऱ्या दिवशी माझ्यावरच लक्ष ठेवलं. ऊठ, बस, खा, पूस, सांड नको. ह्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना सांगू नका.

एक फायदा मात्र झाला. मोबाईल गेल्यापासून माझं पत्रलेखन परत सुरू झालं आहे. दुपारी जेवणं आटोपली की ईश्वरीला बाजेवर निजवते, ती डोळे मिटते, आणि मी तास-दोन तास लिहीत बसते. बहिणीला लिहिलं, कॉलेजच्या मैत्रिणीला लिहिलं, शाळेसमोरच्या खड्ड्याबद्दल तहसीलदारांना लिहिलं. पंधरा दिवसांत चौदा पत्रं झाली. डोकं कसं लख्ख राहतं. तुम्हीही करून पाहा.

पोरीने अजून काही विचारलेलं नाही. दोन महिने आणि दहा दिवस हातात आहेत.

आहे तो जिव्हाळा असू द्यावा, ही विनंती.

वंदना

---

॥ श्री ॥

नवीन जालना,
३ मार्च २०२५

वंदनाविहीणबाईंना सा. न. वि. वि.

तुमी गालावरून सारल्या गेलात हे वाचून मी इतकी हसले की तृप्ती पळत आली, तिला वाटलं मला काही झालं. आता तुमाला कळलं का, तुमच्या पुढं बसल्यावर आमाला कसं वाटतं? आमाला बोट फिरवायची सोय न्हाई.

मीबी नेम केला. पोर जितके दिवस मोबाईल बघणार न्हाई तितके दिवस मी बी त्याच्यावरचं नाच-गाणं बघणार न्हाई, फक्त फोन घ्यायचा. पहिल्या दिवशी वाटलं दिवसाला अठ्ठेचाळीस तास हायेत. मंग सगळी कपाटं आवरली. मंग जिन्यात बसायला लागले. ह्या इमारतीत अकरा बिऱ्हाडं हायेत हे मला आता कळलं.

आता हसू बाजूला. काल प्रियदर्शनी तुमच्याकडून परत आली ती थेट माझ्याकडं. पोर तिच्या मांडीवर बसली, पदर धरला, पण आई म्हणून हाक न्हाई मारली. प्रियदर्शनी सांगून राह्यली की प्रयोगशाळेत ओल्या कागदात बी गुंडाळून ठिवतात, ठरलेल्या दिवशी कोंब न्हाई आला तर ते बियाणं नापास, त्याला परत संधी न्हाई. आन ती रोज ते मोजती आन तिला तिची पोर दिसती. राजीनामा लिव्हून पर्समध्ये ठिवलाय तिनं. मी बघितला. तारीख तेवढी टाकायची राह्यली.

मला तिथं दोन दिवस येऊ द्या. मोबाईल आणणार न्हाई, आईशप्पथ. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. न्हाई म्हणलात तरी येते.

पोरीला पापा. तुमाला लोभ, जितका झेपंल तितका.

उषा

---

वाटूर,
१४ मार्च २०२५

सौ. उषाबाईंना नमस्कार.

आज धुळवड. पण माझं मन रंगाचं नाही, तेव्हा सरळ विषयावर येते.

तुम्ही रविवारी गेलात. मंगळवारी मी ईश्वरीसमोर दूधभाकरीची वाटी ठेवली. तिने वाटी सरकवली आणि म्हणाली, नक्को. माझ्या हातातलं भांडं पडलं. पहिल्यांदा पोर आपलं म्हणून काही बोलली होती. पण नीट ऐका. धड ‘नको’ नाही, धड ‘नहीं’ नाही. बुधवारी मी केस विंचरायला बोलावलं तर म्हणाली, कायकू. काल ह्यांनी अंगणातून साद घातली तर, हौ. आणि संध्याकाळी कोंबडीच्या मागे धावत, जल्दी आव, जल्दी आव.

पाच आठवडे ह्या घरात मराठीशिवाय शब्द उच्चारलेला नाही. तुम्ही दोन दिवस राहिलात आणि पोरीच्या तोंडी पडद्यावरची हिंदी परत आली. शनिवारी दुपारी मी लिहीत बसले असताना तुम्ही दोघी मागच्या अंगणात तासभर होतात, आणि तेव्हा काही आवाज नव्हता. आवाज नव्हता म्हणजे काय, हे तुम्हीच मला एका पत्रात समजावलं आहे. पिवळ्या फ्रॉकची आठवण मला द्यावी लागू नये.

माझ्या मेहनतीचं दुःख नाही. प्रियदर्शनीच्या पर्समध्ये काय आहे ते माहीत असून तुम्ही हे केलंत, त्याचं आहे. डॉक्टरांची तारीख होईपर्यंत तुम्ही इकडे येऊ नये.

वंदना

---

॥ श्री ॥

नवीन जालना,
१९ मार्च २०२५

वंदनाबाईंना सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तृप्तीला दाखवलं न्हाई, प्रियदर्शनीलाबी न्हाई. तिच्या डोक्याला तेवढा घोर पुरे.

त्या दुपारी आवाज नव्हता कारण पोर माझ्या गुडघ्याला तेल लावून राह्यली व्हती. मी एकदा बोट लावून दाखवलं आन ती तासभर लावत बसली. मी रडत व्हते म्हणून बोलले न्हाई. माझा मोबाईल प्रियदर्शनीच्या घरी टीव्हीच्या टेबलावर व्हता. जावयाला विचारा.

आता मी दहावी पास बाई तुमाला एक विचारते. तीन वर्षं ते कार्टून माझ्या कानावर पडलं, मला सगळं पाठ हाय. त्याच्यात लेकरं ‘नहीं चाहिए’ म्हणतात. ‘क्यों’ म्हणतात. कोणत्या कार्टूनमध्ये ‘नक्को’ म्हणतात? ‘कायकू’ कोण म्हणतं? आवं, ही पडद्यातली हिंदी न्हाई. ही आपल्या जालन्याची हाय! भाजीबाजारात, रिक्षा स्टँडवर, माझ्या माहेरच्या गल्लीत हीच बोली. ही कुण्या माणसाच्या तोंडून ऐकल्याबिगर येत न्हाई. तुमच्या घरात कुणी बोलत न्हाई म्हणता, मंग तुमची नात रोज तुमच्या घराबाहीर कुठंतरी जाती आन तुमाला पत्ता न्हाई.

बी.ए.ला मराठी व्हतं ना तुमचं? मंग कान कुठं ठिवला व्हता?

येऊ नका म्हणलात, न्हाई येणार. पोर बोलली ह्याच्यात मला सगळं मिळालं.

उषा

---

॥ श्री ॥

वाटूर,
२५ मार्च २०२५

सौ. उषाविहीणबाईंना वंदनाचा सा. न. वि. वि.

साष्टांग ह्यावेळी मनापासून लिहिला आहे, रिवाज म्हणून नाही.

तुमचं पत्र शनिवारी आलं. मी ईश्वरीला रोजच्यासारखी बाजेवर निजवली, कागद-पेन घेऊन बसले आणि लिहिण्याचं नुसतं सोंग केलं. सहा मिनिटं. पोरीने एक डोळा उघडला, मला पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दाराने पसार. धुण्याच्या दगडापाशी आमची भिंत खचली आहे, तिथून पलीकडे. मी मागोमाग.

पलीकडे मुबारकचं घर. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो तो. त्याची आई रहिमाबी पडवीत तांदूळ निवडत बसली होती आणि तिची नात अंबरीन, सहा वर्षांची, ईश्वरीला खडसावत होती की इतकी लेट कायकू आई. मोटारीच्या डब्यांची चूल, चिंचोक्यांचा भात. अंबरीन सासू, आपली पोर सून. सुनेचं तोंड एवढं चाललं होतं की मी भिंतीआड उभी राहून ओळखेना.

रहिमाबीला विचारलं की किती दिवस चाललं आहे हे. ती म्हणाली, हौ बाई, महिना हो गया. मी म्हटलं, मला सांगितलं का नाही. तर म्हणाली की दो-तीन बार आई थी मैं, तुम कागज में ऐसे घुसे रहते, सर उठाके नहीं देखे. मेरेकू लगा कुछ जरुरी रहेंगा, कायकू सताना.

विहीणबाई, हिशेब सोपा आहे. तुम्ही भांडी घासत होता, मी पत्रं लिहीत होते. फरक एवढाच की तुमच्या हातात काम होतं. खड्ड्याबद्दल तहसीलदारांना तीन पत्रं गेली आणि घरची पोर भिंतीवरून गेली ती दिसली नाही. आणि मी दोष तुम्हाला दिला. शनिवारपासून रोज दुपारी हे पत्र लिहायला घेते आणि फाडते. चूक माझी आहे. पूर्ण. लाल शाईने लिहायला हवं होतं, पण घरात संपली आहे.

रहिमाबी तिला काही शिकवत नाही. रोजे आहेत, बोलायची ताकदच कमी. पोरगी काही म्हणाली की ती मान वर करते आणि वाट पाहते, बस. मला हे चौसष्टाव्या वर्षी पाहायला मिळालं.

आता खरी बातमी. निघताना दारात एक नवी बकरी बांधलेली होती. ईश्वरी थांबली, तिच्याकडे बोट केलं, रहिमाबीकडे वळली आणि विचारलं, किसकी?

प्रश्न! आपल्या मनचा, कुणी न शिकवलेला. माझ्या ओठांवर ‘कुणाची म्हण’ असं आलं होतं. दात घट्ट मिटले. कोणत्याही भाषेतला प्रश्न हा प्रश्नच. रहिमाबीने सांगितलं की मामूची आहे, ईदपर्यंत राहायला आली आहे. पोरीने मान डोलावली, पटलं तिला.

प्रियदर्शनीला अजून सांगू नका. डॉक्टरांपुढे बोलली तरच खरं. पाडव्याला तुम्ही यावं. माझं ‘येऊ नये’ मी मागे घेते.

राग धरावा तितका धरा, पण हातचं राखून लोभही असू द्या.

अपराधी,
वंदना

---

॥ श्री ॥

नवीन जालना,
५ एप्रिल २०२५

वंदनाविहीणबाईंना उषाचा सा. न. वि. वि.

तुमचं ते पत्र मी गादीखाली ठिवलंय. अपराधी वंदना असं तुमच्या अक्षरात परत या जन्मी कुठं मिळणार? तृप्ती म्हणली, काचेत बसवा. मी इचार करून राह्यले.

पाडव्याला आल्ते तवा प्रियदर्शनी आन पोरीसमोर बोलता आलं न्हाई म्हणून लिव्हते. पोरीच्या गळ्यातली साखरेची गाठी अर्धी मोडून भिंतीपलीकडं गेली, आन दुसऱ्या दिवशी ईदचा शीरखुर्मा वाटी भरून इकडं आला. पोरीनं आधी चाखला आन मंग तुमच्यापुढं धरला. तुमाला गोड चालत न्हाई, साखरेचं दुखणं. तुमी मुकाट्यानं खाल्ला. मी बघितलं. जावयानं बी बघितलं, आन तुमच्या मालकांनी, रखमाजीरावांनी तर खिडकीकडं तोंड फिरवून हसून घेतलं.

पण एक भ्या हाय. प्रियदर्शनी दोन दिवस राह्यली आन पोर तिच्यापुढं पुन्हा मुकी. अंबरीनपुढं चुरूचुरू, आईपुढं गप. पोर बोलती हे शेवटी तिला सांगावं लागलं, तर तिला वाटलं आपण सगळे धीर द्यायला खोटं सांगून राह्यलो. जाताना गाडीत तिनं राजीनाम्यावर तारीख टाकली. ६ मे. डॉक्टरच्या दुसऱ्या दिवशीची. मी काय बोलू? आईकडं बघितलं की पोरीला मोबाईल आठवत असंल का? का आई सारखी तोंडाकडं बघती, कधी बोलंल, कधी बोलंल, म्हणून ती लाजती? तुमी शिकलेल्या, तुमी सांगा.

लोभ ठिवाच. आता तर मला हक्कानं मागता येतो.

उषा

---

॥ श्री ॥

वाटूर,
१२ एप्रिल २०२५

सौ. उषाविहीणबाईंना स. न. वि. वि.

दुसरं कारण बरोबर आहे. शिकलेलीला विचारायची गरज नव्हती. प्रियदर्शनी पोरीसमोर तपासनीस म्हणून बसते. ओला कागद उघडून रोज पाहिलं तर कोंबही बिचकेल. मी तिला स्वतंत्र पत्र लिहिलं आहे, चारच ओळींचं: दर रविवारी ये, पोरीशी बोलू नकोस, अंबरीनच्या चुलीवर भात कर. चिंचोक्यांचा. सुनेची आई म्हणून तुला तिथे मान आहे, अंबरीनने स्वतः सांगितलं.

रामनवमीला आम्ही जांब समर्थला गेलो, अंबरीनही होती. ह्यांनी दोघींना खांद्यावर आळीपाळीने घेतलं आणि आता कंबर धरून बसले आहेत. बरं झालं, आखाड्यावर जाता येत नाही, म्हणजे मोबाईलही नाही.

माझी पत्रं आता रात्री पोर झोपल्यावर, आणि तीही तुम्हालाच. तहसीलदारांना सुटका.

माया असू द्यावी.

वंदना

---

॥ श्री ॥

जालना,
६ मे २०२५

तीर्थरूप सौ. आईंच्या सेवेशी, प्रियदर्शनीचा कृ. सा. न. वि. वि.

काल रात्री फोन लावणार होते, मग आठवलं की तुमचा कपाटात आहे. म्हणून आज सकाळी कामाला जायच्या आधी लिहिते आहे. हो, कामाला.

डॉक्टरीणबाईंनी ईश्वरीला समोर बसवलं आणि चित्रांचे पत्ते काढले. पहिला पत्ता रंगांचा. हे काय, विचारलं. ईश्वरी म्हणाली, नक्को. दुसरा फळांचा. नक्को. अंगदने माझा हात धरला. तिसरा पत्ता बकरीचा. बाईंनी विचारलं की हे काय आहे. ईश्वरीने पत्ता हातात घेतला, उलटा करून पाठीमागे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि बाईंना विचारलं की हिचं पिल्लू कुठंय.

बाईंनी सगळा गठ्ठा चाळला. त्यांच्याकडे पिल्लाचा पत्ता नव्हता. तसं त्यांनी सांगितलं. तर ईश्वरी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, आई, ह्यांनी पिल्लू हरवलं.

आई, मी तिथेच रडले, म्हणून पुढचं सगळं अंगदने ऐकलं. बाई म्हणाल्या की आता संभाजीनगरला यायची गरज नाही, सहा महिन्यांनी एकदा दाखवा. मोबाईल एकटीच्या हातात द्यायचा नाही. दाखवलंच तर शेजारी बसून, आणि मध्ये मध्ये बंद करून तिला बोलू द्यायचं. त्यांनी वहीत ‘मराठी आणि हिंदी’ असं लिहिलं. मी सांगितलं की हिंदी नाही, वाटूरची भिंत.

राजीनामा फाडला. प्रयोगशाळेत आज मिरचीच्या बियाण्याची तपासणी आहे. मिरची उशिरा उगवते, हे मला शिकवलेलं होतं. मी विसरले होते.

ठरल्याप्रमाणे ईश्वरी आता इथेच राहील, दिवसा माझ्या आईकडे. तुम्हाला जड जाईल हे मला कळतं. बाबांच्या कंबरेची काळजी घ्यावी.

आपल्या आशीर्वादात राहू द्यावं.

आपली सून,
प्रियदर्शनी

---

॥ श्री ॥

वाटूर,
११ मे २०२५

सौ. उषाविहीणबाईंना वंदनाचा स. न. वि. वि.

प्रियदर्शनीचं पत्र मिळालं. ह्यांनी ते तीन वेळा वाचून घेतलं आणि तिन्ही वेळा ‘पिल्लू हरवलं’ला हसले. मीही.

जिंकलो आपण, म्हणून पोर तुमच्याकडे गेली. ह्यात कुरकुरायला जागा नाही, तरी घर मोठं वाटतं. बाज तशीच टाकलेली आहे. मी ती उचलत नाही, हे ह्यांच्या लक्षात आलं आहे, ते वळसा घालून जातात.

आता माझ्या सूचना. ती काही म्हणाली की हातातलं टाकून मान वर करा आणि थांबा. लगेच उत्तर देऊ नका, तिला अजून पुढे काही म्हणायचं असतं. तिची हिंदी सुधारू नका. मराठीही सुधारू नका. जिन्यातल्या अकरा बिऱ्हाडांत तिच्या वयाचं कोण आहे ते शोधा. दार उघडं ठेवा. आणि तुमच्या गुडघ्यांना तेल तिच्याकडूनच लावून घ्या. तिला ते काम आवडतं, इथे माझ्या गुडघ्यांना लावायची. मी तुम्हाला हे आधी कळवलं नव्हतं.

अंबरीन रोज दुपारी भिंतीवरून येते. पहिल्या दिवशी म्हणाली की मेरी सून कू वापस लाव. मी सांगितलं की ती तिच्या आईकडे गेली. त्यावर तिने विचारलं की पूछके गई क्या. सासूला न विचारता गेली, ह्याचा तिला फार राग आहे. मुबारक आणि रहिमाबी दोघांनाही विचारलं आहे. त्यांनी मोकळ्या मनाने हो म्हटलं. शाळेला सुट्टी आहे. तेव्हा येत्या गुरुवारी मी अंबरीनला घेऊन चार दिवसांसाठी तुमच्याकडे येते आहे. विहिणीचा मान म्हणून नव्हे, सासूबाईंची सोबत म्हणून. मोबाईल मी

पत्र मध्येच तोडते, राग मानू नये. अंबरीन येऊन उभी आहे. विचारते आहे की जालन्याला रेल्वे दारातून दिसती क्या, और उसमें बकरी कू बैठने देते क्या. मला दोन्हीची उत्तरं माहीत नाहीत. बसून विचार करावा लागेल.

गुरुवारी भेटू. लोभ असावा, आणि पुरेसा भात लावावा.

वंदना